एकतीस जिल्ह्यांतली एकच मुलगी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सचिवमहोदया, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले आपले माजी संचालक, कडेच्या खुर्चीवर बसलेले सल्लागारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आपले संचालकसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, सर्व विभागांतले माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

आत्ता खरं तर इथे उपसंचालक उभे राहायचे होते. पण त्यांचा घसा काल दुपारपासून बसला आहे. त्यांचं भाषण माझ्याकडेच टाइप करायला आलं होतं, म्हणून सूत्रसंचालक म्हणाले, "बाई, आता तुम्हीच वाचून टाका, पाच मिनिटांचं तर काम आहे." ते भाषण हे माझ्या हातात आहे. छान आहे. त्यात साहेब मनमिळाऊ आहेत, शिस्तप्रिय आहेत आणि 'वरून कठोर पण आतून मृदू' आहेत. मी या कार्यालयात सव्वीस वर्षं टंकलेखिका आहे. या सभागृहात झालेल्या प्रत्येक निरोपाचं भाषण मी टाइप केलं आहे, आणि गेल्या सव्वीस वर्षांत इथून एकही माणूस मनमिळाऊ असल्याशिवाय निवृत्त झालेला नाही. प्रमुख पाहुणे, तुम्हीही होतात. तुमच्या वेळी तर मी तो शब्द दोनदा टाइप केला होता, मग एक खोडला.

तर हे भाषण मी घडी करून बाजूला ठेवते. अध्यक्षमहोदया, आपली परवानगी आहे असं धरून मी माझ्या मनाने चार शब्द बोलते. घड्याळात पाचला दहा कमी आहेत. हे घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, हे मला माहीत आहे, आणि आज मला त्या सात मिनिटांची गरज आहे. का ते पुढे कळेलच.

आपलं कार्यालय काय करतं? सरकारसाठी तरुणांच्या रोजगाराचे कार्यक्रम आखतं. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं आहे की माझी बोटं झोपेतही ते लिहितील. पण आखतं म्हणजे नेमकं काय करतं, हे बाहेरच्या माणसाला विचाराल तर त्याला सांगता येणार नाही. वहिनी, तुम्हालाही साहेबांनी कधी सांगितलं नसेल. मी सांगते, मी प्रत्येक बैठकीत कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बसून लिहून घेतलं आहे.

आधी कार्यक्रमाचं नाव ठरतं. त्याला चार बैठका लागतात. नावात 'उड्डाण', 'झेप', 'भरारी' असं काहीतरी लागतं. तरुण माणूस जमिनीवर दोन पाय ठेवून उभा आहे, अशा नावाचा कार्यक्रम मी आजवर पाहिलेला नाही. मग बोधचिन्ह ठरतं, त्यात उगवता सूर्य असावा की नुसती किरणं यावर सल्लागारसाहेबांनी एकदा दीड तास पडद्यावर चित्रं दाखवली होती. सल्लागारसाहेब हसताहेत, त्यांना आठवलं. मग उद्दिष्ट ठरतं. उद्दिष्ट कसं ठरतं? देशात किती पोरं घरी बसली आहेत हे मोजून? छे. मागच्या कार्यक्रमाचा आकडा घ्यायचा, त्यात थोडी भर घालायची, आणि शेवटी शून्यं येतील असा गोल करायचा. आणि मग, सगळ्यात शेवटी, चहा होऊन गेल्यावर, सगळे उठायच्या बेतात असताना कुणीतरी म्हणतं, "कामं कोणती शिकवायची ती यादी परिशिष्टात लावून टाका."

ती यादी मी लावते. गेल्या कार्यक्रमाच्या फाईलमधून उचलायची आणि नव्या फाईलला लावायची, हीच इथली पद्धत आहे. त्या यादीत अजूनही टंकलेखन यंत्राची दुरुस्ती आहे. मी स्वतः टंकलेखिका असून गेल्या वीस वर्षांत तसलं यंत्र पाहिलेलं नाही. पण देशातल्या तरुणाने ते दुरुस्त करायला शिकावं असं आपलं धोरण आहे, कारण परिशिष्ट कुणी वाचत नाही.

आणि या बैठकांना तरुण कोण असतो? युवक प्रतिनिधी असतात ना. नेहमी वेळेवर येतात, बिचारे. सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. मागच्या बैठकीत वाचायचा चष्मा घरी विसरले म्हणून मी त्यांना ठराव मोठ्या अक्षरात काढून दिला. खोली मात्र चांगली आहे. लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, खिडकीतून खाली नोंदणीसाठी लागलेली रांग दिसते. ऊन येतं म्हणून त्या खिडकीला पडदे लावलेत.

मी टिंगल करते आहे असं वाटत असेल तर बरोबरच वाटतंय. मी इतकी वर्षं गप्प बसले, आणि मला आता या सगळ्याची किळस येते. राग येऊन जातो, किळस बसून राहते. पण साहेबांचा निरोप आहे, म्हणून साहेबांवरच बोलते.

साहेबांना आपण प्रेमाने 'गोषवारासाहेब' म्हणतो. दचकू नका साहेब, तुम्हाला माहीत नव्हतं का? सगळा मजला म्हणतो. कारण कितीही मोठा कागद गेला तरी साहेब म्हणणार, "गोषवारा आणा." पन्नास पानी अहवाल असो की एखाद्या आईने हाताने लिहिलेला अर्ज असो, वर एका ओळीचा गोषवारा पाहिजे. तो वाचायचा, खाली सही करायची. साहेबांनी या खुर्चीवर नऊ वर्षं काढली आणि मी शपथेवर सांगते, एकाही कागदाची दुसरी ओळ वाचली नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नवा कार्यक्रम निघाला होता. सगळ्या जिल्ह्यांना मार्गदर्शिका पाठवायची होती, आणि तिच्यामागे नमुना अर्ज जोडायचा होता. अर्ज कसा भरायचा ते जिल्ह्याच्या कारकुनांना कळावं म्हणून एक भरलेला अर्ज. साहेब म्हणाले, "बाई, कुठलंही नाव टाका." मी संगणकाशी बसले. आता कुठलंही नाव म्हटलं की माणसाला काय सुचतं? मला माझी मुलगी सुचली.

घरात आम्ही तिला बारकी म्हणतो. कागदावरचं तिचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं तर तुम्ही सगळे ओळखाल, आणि ते का ओळखाल तेच मी सांगायला उभी आहे. बारकी तेव्हा एकवीस वर्षांची होती. मी तिचं नाव टाकलं, तिची जन्मतारीख टाकली, तिचा ओळखक्रमांक टाकला, पर्समधला तिचा फोटो चिकटवला. खरं सांगू? नुसता आळस नव्हता तो. मला वाटलं, माझ्या पोरीचा अर्ज देशभर फिरेल, कुठेतरी कुणाच्या तरी नजरेत भरेल. आईचं डोकं कसं चालतं बघा. तेव्हाच अठरा वर्षं या इमारतीत बसून जिला इथल्या कागदाची किंमत कळायला हवी होती, तीच त्या कागदाला नवस बोलल्यासारखी आशा लावून बसली. चूक माझी होती. ती मी आधी कबूल करते.

अर्जाच्या मागे पाठपुराव्याचा तक्ता होता, 'प्रशिक्षणानंतरची स्थिती' असा. तोही नमुना म्हणून भरायचा होता. मी साहेबांना विचारलं, काय लिहू? साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "लिहा, शिवणकाम. स्वतःचं दुकान. दोन मदतनीस." मी लिहिलं. बारकीला सुईत दोरा ओवता येत नाही.

मार्गदर्शिका देशातल्या एकूण एक, एकतीसही जिल्ह्यांना गेली. आता इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, जिल्ह्याचा कारकून काय करतो. वरून आलेला कागद तो फेकत नाही आणि त्याची शंकाही घेत नाही. वरून भरलेला अर्ज आला म्हणजे तो वहीत चढवायचा. एकतीस जिल्ह्यांतल्या एकतीस कारकुनांनी, एकमेकांना न विचारता, नोंदवहीच्या पहिल्या ओळीवर माझ्या मुलीचं नाव लिहिलं. अनुक्रमांक एक. शिवणकाम, स्वतःचं दुकान, दोन मदतनीस.

हसा, हसा. मीही हसले होते. पुढे त्या वह्या संगणकात भरल्या गेल्या. मग सल्लागारसाहेबांनी बाहेरच्या बाहेर ते यशोगाथांचं पुस्तक तयार केलं, गुळगुळीत कागदाचं. छापखान्यातून गठ्ठे आले, मी दोरी कापली, आणि पहिल्याच पानावर बारकी. केस मागे घट्ट बांधलेली, फोटो काढताना डोळे वटारून बसलेली. खाली लिहिलं होतं, 'एकतीस जिल्ह्यांत एकतीस महिला उद्योजिका, बासष्ट जणांना रोजगार.' आणि तिचं नाव प्रातिनिधिक म्हणून. एका बाळंतपणात एकतीस मुली झाल्या मला, आणि सगळ्यांनी दुकानं काढली.

ते पुस्तक परदेशातल्या परिषदेत गेलं. साहेबांना सन्मानपत्र मिळालं, ते त्यांच्या खोलीत दाराशेजारी लावलेलं आहे. आता काढून घरी न्यायला ठेवलंय, मघाशी शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळत होते. परिषदेहून आल्यावर साहेब मला पत्र सांगत होते, मध्येच थांबले, पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बाई, बघा. अशा मुली असतात. जिद्द लागते. तुमची एक मुलगी आहे ना? काय करते?"

मी म्हटलं, "चपलांच्या दुकानात उभी राहते, साहेब."

"हिच्याकडून काहीतरी शिकायला सांगा तिला."

मी म्हटलं, "साहेब, ही तीच आहे."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी काय विचारलं माहीत आहे? मला वाटलं, विचारतील, हे झालं कसं. ते म्हणाले, "कुणाला सांगितलंत का?" मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाले, "मग तुम्हाला तर अभिमानच वाटायला हवा."

सचिवमहोदया, आपण वहीत काही लिहिताहात. लिहा. तारखा मागाल तर माझ्याकडे सगळ्या आहेत.

आता खऱ्या बारकीबद्दल थोडं सांगते, कारण पुस्तकात तिच्याबद्दल काहीच नाही. चपलांच्या दुकानातून ती फोनवर लोकांची बोलणी खायच्या नोकरीत गेली, तिथून एका गोदामात. तीन वर्षांपूर्वी त्या गोदामाची मालाची लिफ्ट अडकली आणि दुरुस्तीला एक मिस्त्री आले. वयाने माझ्याएवढे, तोंडाने फटकळ. बारकी त्यांच्या मागे उभी राहून बघत राहिली. ते म्हणाले, "बघतेस काय, तो पाना दे." तिने दिला. दुसऱ्यांदा त्यांनी मागायच्या आधी दिला. त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या मागे जायला लागली. घरी आली की हाताला ग्रीसचा वास, आणि बोलणं सगळं दोर, ब्रेक, कप्पी यांचं. सत्तावीस वर्षांची मुलगी, पण मी तिला शाळेनंतर पहिल्यांदाच कसल्या तरी विषयावर जेवण थंड होईपर्यंत बोलताना ऐकलं.

मिस्त्री एकदा घरी आले. मला म्हणाले, "बाई, पोरीच्या हाताला अक्कल आहे. मी दोन वर्षं शिकाऊ म्हणून ठेवतो, पुढे परवाना मिळेल. पण सरकारी नोंदणी आणा. नोंदणी नसली तर विमा नाही, आणि विमा नसला तर मी हिला लिफ्टच्या बोगद्यात उतरू देणार नाही. काही झालं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

आता लिफ्ट दुरुस्ती आपल्या परिशिष्टात नव्हती. इथे मला दुसरी एक कबुली द्यायची आहे. ती मी घातली. टंकलेखन यंत्र दुरुस्तीच्या खालच्या ओळीत, कुणाला न विचारता. चार अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या, मंत्रिमहोदयांचीही झाली, राजपत्रात छापून आलं. आज देशभरात तीनशेच्या वर पोरं लिफ्ट दुरुस्ती शिकताहेत, आणि साहेबांनी परवाच्या वार्षिक भाषणात त्याला 'दूरदृष्टीचा निर्णय' म्हटलं. ते भाषणही मीच टाइप केलं. याबद्दल माझ्यावर कारवाई करायची असेल तर करा, पण त्या पोरांना काढू नका.

तर बारकीने अर्ज भरला. संगणकाने सांगितलं, या जिल्ह्यात तुम्हाला लाभ मिळालेला आहे, सध्या तुमचं स्वतःचं दुकान आहे. एका जिल्ह्यात एका माणसाला दुसऱ्यांदा घेता येत नाही, असा नियम. खिडकीवरचा कारकून भला माणूस, तो म्हणाला, "ताई, दुसऱ्या जिल्ह्यातून भरा ना." दुसरा जिल्हा कुठून आणायचा? ती सगळीकडे आधीच पोचलेली. त्या दिवशी घरी आली, चपला काढल्या, आणि मला म्हणाली, "आई, तू मला एकतीस ठिकाणी नोकरीला लावलंस, आता बत्तिसावी मिळत नाही." ती हसत म्हणाली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

गेली दोन वर्षं मी दुरुस्तीचे अर्ज करते आहे. पहिल्याला उत्तर आलं, नोंद अद्ययावत आहे. मग सांगितलं, जिल्ह्याकडे जा. जिल्ह्याने सांगितलं, केंद्रातून आलेला नमुना आम्ही कसा खोडणार? एकदा साहेबांनी समोर बसवून घेतलं, चहा मागवला, आणि समजावलं, "बाई, एक काढली की एकतीस काढाव्या लागतील. एकतीस काढल्या की बासष्ट मदतनीस जातील. आकडा खाली येईल. पुस्तक परत घ्यावं लागेल. त्यापेक्षा तिशीची वयोमर्यादा वाढायची वाट बघू." तो चहा मी प्यायले, याची मला आजही लाज वाटते. वयोमर्यादा वाढली नाही. शेवटचा अर्ज तीन आठवडे साहेबांच्या टेबलावर होता. काल त्याच्यावर आजच्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा ठेवलेला मी पाहिला.

पाठच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंय, बाई, मुद्द्यावर या. आले. परवा बारकीला तीस पूर्ण होतात. तिशीनंतर नोंदणी नाही. उद्या सुट्टी. साहेबांची सही आज कार्यालयाच्या वेळेपर्यंत चालते, आणि नवे साहेब कधी येतील हे सचिवमहोदयांनाही ठाऊक नसेल. मागच्या वेळी ही खुर्ची सात महिने रिकामी होती, आणि कुणाला फरकही जाणवला नव्हता. नोंदणी सहाला बंद होते. दुसऱ्या मजल्यावर नोंदणीचे कारकून समारंभाचा चहा सोडून संगणक उघडून बसलेत. म्हणजे सगळं आज आहे. दोन वर्षांत जे झालं नाही ते आता पाऊण तासात व्हायचं आहे.

साहेब, बसा ना. वहिनी, त्यांना जरा पाणी द्या.

साहेब, एक विचारू? आज आपण चौथ्या मजल्यावर कसे आलात? लिफ्टने. ही लिफ्ट अकरा महिने बंद होती. आपण सगळे जिन्याने धापा टाकत चढलो. सकाळी ती सुरू झाली आणि साहेब आल्या आल्या म्हणाले, "अरे वा, माझ्या निरोपाला तरी चालू केलीत." कुणी चालू केली हे मात्र विचारलं नाहीत. मिस्त्री काल आणि आज मिळून चौदा तास इथे होते. छतावरच्या यंत्रखोलीतलं सगळं काम त्यांच्या मदतनिसाने केलं. बोगद्यात मात्र त्या मदतनिसाला उतरू दिलं नाही, कारण नोंदणी नाही. मिस्त्री साठीला आलेत, गुडघे दुखतात, ते स्वतः उतरले.

ती मदतनीस मागच्या दाराशी उभी आहे. निळा अंगरखा घातलेली. वळून बघा सगळे, चेहरा ओळखीचा वाटेल. पुस्तकाचं पहिलं पान. साहेब, ही कोण ते कळायच्या आधी तुम्ही म्हणत होतात ना, त्या मुलीला एकदा मंत्रिमहोदयांसमोर उभी करा, फोटो काढू? आणली आहे. यंत्रखोली आवरून आत्ताच खाली आली, हात पुसायला वेळ मिळाला नाही तिला, तेवढं चालवून घ्या.

बारकी, ये पुढे. तो कागद आण. अशी मधूनच ये, लाजतेस कसली, एकतीस दुकानांची मालकीण तू.

साहेब, हा कागद तोच आहे, गठ्ठ्याखालून काढला. घाबरू नका, मी एकतीस मागत नाही. फक्त आपल्या जिल्ह्यातली एक नोंद रद्द करायची आहे. आणि तुमच्या सवयीप्रमाणे वर गोषवारा जोडला आहे, तेवढाच वाचा. मोठ्याने वाचते, सभागृहालाही कळू दे. 'एक खोटी नोंद कमी, एक खरी नोंद जास्त. एकूण संख्येत बदल नाही.' आकडा जागच्या जागी आहे, साहेब. पुस्तक परत घ्यावं लागणार नाही. सन्मानपत्र दाराशेजारून निघालंय, ते घरी लागेल. दोन वर्षं मला हे कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटतं. मी तुम्हाला माझ्या मुलीबद्दल सांगत बसले, आकड्याबद्दल सांगायला हवं होतं.

पेन? कर्मचाऱ्यांतर्फे भेट दिलेलं त्या डबीत आहे. वहिनी, जरा उघडून द्या. शाई भरलेली आहे, मी सकाळीच भरली.

इथे, खाली. दुसरी ओळ वाचायची गरज नाही, तुम्हाला त्रास होईल. हं. तारीखही घाला, साहेब. झाली.

सचिवमहोदया, आपण साक्षीला होतात, आभार. बाकीच्या तीस जणी साहेबांनाच लखलाभ होवोत. म्हातारपणी सांभाळतील.

आता समारोप. संयोजकांनी मला बोलू दिलं त्याबद्दल त्यांची ऋणी आहे, आणि उपसंचालकांच्या घशाचीही. दोन दिवस लिफ्टच्या बोगद्यात राबलेल्या मिस्त्रींचे आभार, ते खाली गाडीत झोपले आहेत. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मध्येच उठला नाहीत, हे मी विसरणार नाही. पाच मिनिटांच्या वर गेले. बोलताना कुणाचा मान कमी झाला असेल, शब्द जड गेला असेल, तर पोटात घाला. माझी चूक मी आठ वर्षं पोटात घेऊनच होते. साहेबांना निवृत्तीनंतर उत्तम आरोग्य लाभो, आणि त्यांनी फावल्या वेळात एखादा कागद शेवटपर्यंत वाचावा, ही सदिच्छा.

बारकी, घड्याळाकडे बघू नकोस, ते पुढे आहे. आणि जिन्याने धावू नकोस. लिफ्टने जा.